नातू आर्मी कमांडर होणार का?

प्रश्न : माझा नातू खडकवासल्याला एनडीएत दाखल होतोय. सोसायटीत सगळे म्हणतात, आता हा एक दिवस आर्मी कमांडर होणार. ते नेमकं कसं होतात? आणि कर्नल म्हणून निवृत्त होणं म्हणजे मागे राहणं का? तुम्हीही कर्नलच होतात, म्हणून विचारते. राग मानू नका.
– एक आजी, पुणे

उत्तर : ताई, राग कसला! लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे विचारतात मला. बढतीसाठी निवड करणाऱ्या बोर्डाने मला ब्रिगेडियर केलं नाही, पण त्याआधी माझ्या हाती एक पलटण दिली होती. मागे राहिलो असं मला कधी वाटलं नाही. तुमच्या सोसायटीला वाटत असेल तर वाटू द्या.

आता नातवाचं. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाल्यावर दोन वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. मधे पार्ट बी, पार्ट डी या परीक्षा असतात, पण इथवर बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. चाळणी लागते ती कर्नलच्या सिलेक्शन बोर्डात. पहिल्या खेपेला राहिलात तर आणखी दोनदा विचार होतो, मग फाइल बंद.

बोर्डापुढे मुख्यतः असतात त्या दरवर्षीच्या एसीआर, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. सीओ (पलटणीचा प्रमुख) असताना मी त्या लिहिल्या आहेत. प्रत्येक गुणाला 9 पैकी अंक द्यायचा आणि शेवटी चार ओळींत माणूस उभा करायचा, त्याला पेन पिक्चर म्हणतात. मग अधिकाऱ्याला समोर बसवून माझा भाग वाचायला द्यायचा, त्याची सही घ्यायची. तो आधी शब्द वाचत नाही. 8 आणि 9 मोजतो! त्यावर वरचे साहेब आपलं मत लिहितात, ते त्याला दिसत नाही.

पुढे पलटण (कर्नल), ब्रिगेड (ब्रिगेडियर), डिव्हिजन (मेजर जनरल), कोर (लेफ्टनंट जनरल). प्रत्येक पायरीला नवं बोर्ड, आणि हाताखाली सैन्य सांभाळलेलं असल्याशिवाय वर जाता येत नाही. महूचा हायर कमांड कोर्स, दिल्लीचं एनडीसी (नॅशनल डिफेन्स कॉलेज) ही वाटेतली स्टेशनं.

आर्मी कमांडर, म्हणजे एका कमांडचा प्रमुख, हाही लेफ्टनंट जनरलच. खुर्च्या मात्र सात : सहा क्षेत्रीय कमांड (आपली पुण्याची सदर्न त्यातलीच) आणि सिमल्याची ट्रेनिंग कमांड. लेफ्टनंट जनरल 60 व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे खुर्ची रिकामी होईल तेव्हा तुमची नोकरी शिल्लक हवी. एकाच कोर्सचे, म्हणजे एकाच तुकडीतून बाहेर पडलेले दोघे, दोघेही लायक. वयाने वर्षभर मोठा असलेला घरी जातो. कर्तृत्वाइतकीच इथे जन्मतारीख चालते, हे कुणी बोलून दाखवत नाही.

पुण्याचेच जनरल मनोज नरवणे बघा. जून 1980 मध्ये शीख लाइट इन्फन्ट्रीत कमिशन. मग काश्मिरात राष्ट्रीय रायफल्सची पलटण, एक इन्फन्ट्री ब्रिगेड, कोहिमाला आसाम रायफल्स, अंबाल्याची कोर, सिमला, आणि 2018 मध्ये कोलकात्याची ईस्टर्न कमांड. 31 डिसेंबर 2019 ला लष्करप्रमुख झाले. प्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची 62, जे आधी येईल ते. त्यांचा जन्म एप्रिल 1960 चा, त्यामुळे एप्रिल 2022 ला उतरले. तीन वर्षं भरली नाहीत.

एक गोष्ट लोक विसरतात. इन्फन्ट्री, रणगाडे, तोफखाना यांतून ही वाट सरळ जाते. पुरवठा किंवा ऑर्डनन्समधून जवळजवळ नाहीच. कुठल्या शाखेत जायचं हे डेहराडूनला आयएमएच्या (इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या) शेवटच्या टर्ममध्ये ठरतं, म्हणजे तुमच्या नातवाला अजून चार वर्षं आहेत.