नजर चांगली आहे, मग रेटिनाचा फोटो कशाला?

प्रश्न: डॉक्टर, बाबांना ९ वर्षांपासून शुगर आहे, वय ५८. चष्म्याचा नंबर नुकताच तपासला, सगळं नीट दिसतं. तरी फॅमिली डॉक्टर रेटिनाचा फोटो आणि लघवीची तपासणी करा म्हणतायत, पुढे लागली तर डोळ्यांची अँजिओग्राफी. अँजिओग्राफी ऐकूनच बाबा घाबरलेत. खरंच गरज आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: फोटो आणि लघवी, दोन्हींची गरज आहे. नंबर काढताना अक्षरं वाचता येतात का एवढंच बघतात, आतल्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनावरच्या, रक्तवाहिन्यांचं काय चाललंय ते त्यात कळत नाही. शुगरने या बारीक वाहिन्यांच्या भिंती कमजोर होऊन त्यांना फुगे येतात, फोटोत ते लाल ठिपक्यांसारखे दिसतात, आणि हे होत असताना माणूस पेपर वाचतो, गाडी चालवतो, त्याला काही म्हणजे काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा बऱ्याचदा पडद्याला सूज तरी आलेली असते नाहीतर डोळ्यात रक्त तरी उतरलेलं असतं. टाइप २ मध्ये, म्हणजे बहुतेकांना असते त्या शुगरमध्ये, निदान झालं की लगेच आणि मग साधारण दरवर्षी पडदा तपासायचा, कारण शुगर कळायच्या आधी ती कित्येकदा काही वर्षं अंगात असतेच.

फोटोआधी थेंब घातले तर काही तास धूसर दिसेल, बाबांना स्वतः गाडी चालवत येऊ देऊ नका.

आता अँजिओग्राफी. ही हृदयाची नाही, तार-बीर काही घालत नाहीत, आणि सगळ्यांना लागतही नाही. एका प्रकारात हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग देतात आणि तो पडद्यात पोचताना भराभर फोटो काढतात, वाहिनी कुठे गळतेय ते दिसतं. थोडं मळमळू शकतं, दिवसभर लघवी गडद पिवळी होते, त्याने घाबरू नका, पण ॲलर्जी असेल तर आधी सांगा. दुसरी ओसीटी अँजिओग्राफी, तिला सुई नाही, मशीन प्रकाशाने एकाच जागेचे पुन्हा पुन्हा स्कॅन घेतं, वाहतं रक्त तेवढं बदलत राहतं आणि त्यावरून वाहिन्यांचा नकाशा बनतो, बंद पडलेल्या जागा काळ्या दिसतात. गळती मात्र तिच्यात दिसत नाही म्हणून रंगाची तपासणी अजून टिकून आहे.

लघवीची तपासणी किडनीसाठी. शुगरचा त्रास किडनीलाही होतो, म्हणून लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो बघायचा, म्हणजे किडनीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती गळतंय ते. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करा, ताप किंवा इन्फेक्शनमध्येही तो वाढतो. रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही हा वाढलेला असू शकतो, त्यामुळे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नका.