‘देवाज्ञा झाली’ आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’

एका वाचक ताईंचा प्रश्न असा आहे : “शाळेतल्या एका ख्रिस्ती सहकारी बाईंचे यजमान वारले, त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली, त्यात ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असं वाक्य आलं. पाळकसाहेबांच्या बोलण्यात ‘परीक्षा’, ‘समर्पण’, ‘देवाची योजना’ हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. एरवी ‘देवाची मर्जी’, ‘देवाज्ञा झाली’ असं म्हणतात, तेच का हे? आणि माणूस गेलेल्या घरात ‘परीक्षा’ हा शब्द कठोर वाटत नाही का?”

ताई, ते तेच नाही. फरक कुठे आहे ते क्रियापदाकडे पाहिलं की लगेच दिसतं. ‘देवाज्ञा झाली’ हे घडून गेलेल्या गोष्टीबद्दलचं विधान आहे. त्याच्यापुढे बोलायला काही उरत नाही. ‘होवो’ हे मात्र विधानच नव्हे. जुन्या व्याकरणात त्याला आज्ञार्थाचं तृतीयपुरुषी रूप म्हणतात. आशीर्वाद आणि शाप, दोन्हींना मराठीत हेच रूप लागतं : ‘भलं होवो’ आणि ‘तळपट होवो’. ज्ञानेश्वरांचं पसायदान याच रूपावर उभं आहे : ‘दुरितांचे तिमिर जावो’. अंधार गेलेला नाही, तो जावा अशी मागणी आहे. तसंच ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणणारा माणूस जे झालं ते देवाच्या इच्छेनंच झालं, असं सांगत नसतो. अजून तसं होत नाही, ते व्हावं, असं तो मागत असतो. म्हणून तर त्या वाक्यात ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ हे शब्द आहेत. पृथ्वीवर सगळं आधीच देवाच्या इच्छेनं चाललेलं असतं, तर ते मागायचं कशाला?

ही येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात आहे. तिच्या सुरुवातीच्या तिन्ही मागण्या मराठीत एकाच रूपात उतरल्या आहेत : नाव पवित्र मानलं जावो, राज्य येवो, इच्छेप्रमाणे होवो. मूळ ग्रीकमध्येही तिथे तृतीयपुरुषी आज्ञार्थच आहे. कित्येक भाषांना असं रूपच नाही, त्यांना आडवळणानं जावं लागतं. मराठीला ते घरचंच असल्यामुळे इथे मूळ वाक्याचा कस जराही कमी होत नाही. मला या गोष्टीचा फार आनंद वाटतो.

एक फरक तेवढा आहे. ग्रीकमध्ये ‘इच्छा’ हा कर्ता आहे, म्हणजे शब्दशः ‘तुझी इच्छा घडो’. मराठीत ‘इच्छेप्रमाणे’ म्हटल्यामुळे कर्ता उरतच नाही. काय होवो? जे काही होईल ते. वाक्य त्यामुळे मोकळं झालं आणि माणसाच्या तोंडी सहज बसलं.

हेच शब्द येशूच्या स्वतःच्या तोंडी येतात तो प्रसंग नीट पाहायला हवा, कारण ‘देवाच्या इच्छेला शरण जाणं’ या सगळ्या कल्पनेचं मूळ तिथे आहे. यरुशलेमच्या पूर्वेला किद्रोन ओढ्यापलीकडे जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने नावाची जागा आहे. नावाचा अर्थ तेलाचा घाणा. अटकेच्या रात्री येशू तिथे प्रार्थना करतो. तो पहिल्यांदा काय म्हणतो? होईल तर हा प्याला, म्हणजे समोर आलेलं हे दुःख, माझ्यावरून टळून जावो. ‘टळून जावो’! म्हणजे हेही तेच रूप, हीही मागणीच. त्यानंतर ‘तथापि’ येतं, आणि मग ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे’. ही प्रार्थना तो तीनदा करतो. दुसऱ्या खेपेला मत्तयानं जे ग्रीक शब्द घातले आहेत, ते शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतले अक्षर न अक्षर तेच आहेत.

त्या ‘तथापि’कडे लक्ष द्या. त्याच्या अलीकडची मागणी खोडून टाकलेली नाही. नको असलेलं दुःख नको आहे असं देवाला स्पष्ट सांगून मगच स्वतःला त्याच्या हाती दिलेलं आहे. ख्रिस्ती परंपरेत ज्याला समर्पण म्हणतात त्यात हे दोन्ही अर्धे लागतात. ‘मला काही नकोच होतं, देव देईल ते गोड’ असा आव त्यात नाही. बायबलातल्या ईयोबाचंही तेच. मुलंबाळं, संपत्ती सगळं गमावलेला हा नीतिमान माणूस. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ हे त्याचं पहिल्या अध्यायातलं वाक्य लोकांना पाठ असतं. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे कितीतरी अध्याय देवाशी भांडतो, हे फारसं कुणी सांगत नाही. शेवटी देव रागावतो तो त्याच्या मित्रांवर. दुःखाचं ठरीव स्पष्टीकरण देणारे ते होते. भांडणारा ईयोब माझ्याविषयी ठीक बोलला, असं देव म्हणतो.

हे इतक्या आग्रहानं सांगतो, कारण ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द दुसऱ्याला गप्प बसवायला फार वापरले जातात. मार खाणाऱ्या बाईला, मजुरी बुडालेल्या माणसाला ‘देवाची इच्छा समज आणि सोस’ असं सांगणं हा या वाक्याचा गैरवापर आहे. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात ‘देवाच्या अधीन व्हा’ असं सांगितलं आहे, आणि त्याच वाक्यात पुढे सैतानाला अडवा असंही आहे. अधीन होणं आणि अडवणं अशी एकाच श्वासात सांगितलेली दोन कामं आहेत.

मराठीत याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात भटकंती करताना त्यांचे आईवडील गेले, मग बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि हाती तान्ही मनोरमा उरली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या धर्मभगिनींनी आज्ञापालनाची अपेक्षा केली तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला. देवाला शरण जायचं ते देवाला, कोणा माणसाच्या किंवा पंथाच्या हुकमाला नव्हे, आपला विवेक आपण गहाण टाकणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ‘देवाची मर्जी’ म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. लहानपणी ज्या आगीतून त्या स्वतः गेल्या होत्या, त्यातल्याच मुलींना आणायला त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. दुःखातून प्रयोजन सापडणं म्हणतात ते असं. आपल्या घरची माणसं याचसाठी मेली, असा हिशेब त्यात कुठे मांडावा लागत नाही.

या रमाबाईंनीच पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, न शिकलेल्या बायकांनाही समजेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. मनोरमा १९२१ मध्ये गेली. एकुलती एक लेक. त्यानंतरही काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं झालं होतं. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

आता ‘समर्पण’. हा शब्द बायबलात, पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे आणि तिथे तो यज्ञाच्या संदर्भात येतो. उपासनेत तो शोभतो. पण घरी, आजारपणात, मुलाच्या नोकरीच्या काळजीत ख्रिस्ती माणसं बहुधा ‘प्रभूच्या हाती सोपवलं’ असं म्हणतात. मला हा शब्द जास्त भावतो. ‘सोपवणे’चा ‘सोपे’शी संबंध नाही. संस्कृत ‘समर्प’ प्राकृतातून झिजत झिजत आला तो हा शब्द, हिंदीतला ‘सौंपना’ त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे समर्पण आणि सोपवणं मुळात एकच. वधस्तंभावरचं येशूचं शेवटचं वाक्य लूकनं दिलं आहे, त्यातही मराठीत हेच क्रियापद आहे : मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो. तिथला ग्रीक शब्द विश्वासाच्या माणसाकडे ठेव ठेवण्याचा आहे. ठेव परत मिळायची असते. लढाईत हरून शस्त्र खाली ठेवणं म्हणजे शरणागती, आणि ठेव ठेवणं म्हणजे भरवसा. ‘शरण’ शब्दातही मुळात आसरा हाच अर्थ होता, पण युद्धाच्या बातम्यांनी आज त्यावर पराभवाची छाया आणली आहे.

‘परीक्षा’ कठोर वाटतो हे तुमचं म्हणणं मला पटतं. दोष शब्दाचा नाही, शाळेचा आहे. परीक्षा म्हटलं की आज प्रश्नपत्रिका, गुण आणि नापास होण्याची भीती आठवते. दुसरीकडे ‘सत्त्वपरीक्षा’ म्हटली की हरिश्चंद्र आणि चिलया बाळ उभे राहतात, म्हणजे कधी ऋषी, कधी वेश पालटलेला देव येतो आणि भक्ताकडून भयंकर काहीतरी मागतो. बायबलातल्या शब्दाला यातलं काहीच नेमकं लागू होत नाही.

मूळ ग्रीक शब्द पेइरास्मॉस. त्यात कसोटीही येते आणि भुरळही येते. मराठी भाषांतरकारांना म्हणूनच दोन शब्द वापरावे लागले : परीक्षा आणि मोह. याकोबाच्या पहिल्याच अध्यायात परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंद माना असं म्हटलं आहे, आणि थोडं पुढे, देवानं मला मोहात घातलं असं कोणी म्हणू नये, कारण तो कोणाला मोहात पाडत नाही, असंही म्हटलं आहे. दोन्हीकडे मुळात एकच धातू. प्रार्थनेतल्या ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ या मागणीतही हाच पेच आहे, आणि म्हणून काही ठिकाणी तिथे ‘मोहात पडू देऊ नकोस’ असं म्हणतात. हा वाद जुना आणि जगभरचा आहे. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये आणि इटालियन कॅथलिकांनी २०२० मध्ये आपल्या प्रार्थनेतलं हे वाक्य बदललं, ते देव स्वतः माणसाला मोहात ढकलतो असा अर्थ निघू नये म्हणून.

ताईंच्या मनातली बोच कमी करणारा शब्द मात्र याकोबानं लगेच पुढे दिला आहे. मराठीत तो ‘पारख’ असा आला आहे : विश्वासाची पारख उतरल्यानं धीर उत्पन्न होतो. ‘पारख उतरणे’ हा सराफ कट्ट्यावरचा वाक्प्रचार. मूळ शब्द दोकीमिऑन, तोही धातू पारखण्याचाच, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात तर तो अग्नीत पारखलेल्या सोन्याशेजारीच बसला आहे. सराफ सोनं कसाला लावतो ते त्याला नापास करायला नव्हे. काळ्या कसोटीवर रेघ ओढली की सोन्यात जे आहे तेच दिसतं. दगड त्यात काही घालत नाही. पौलानं याच कुळातला शब्द रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात वापरला आहे. संकटानं धीर, धीरानं शील, शीलानं आशा, अशी ती साखळी आहे, आणि त्यातलं ‘शील’ म्हणजे मुळात पारखून उतरलेपण. मराठीत ‘शील’ वाचताना हे नातं कळत नाही, ही मला वाटणारी एक खंत. ‘धीर’ मात्र चपखल. मूळ शब्दाचा अर्थ आहे ओझ्याखालीच टिकून राहणं, आणि मराठीत तर धीर धरताही येतो, देताही येतो, सुटतोही.

राहता राहिली ‘देवाची योजना’. आज योजना म्हटली की सरकारी योजना किंवा बांधकामाचा आराखडा आठवतो, प्रत्येक अपघात आधीच नकाशावर काढून ठेवल्यासारखा. बायबलातलं वाक्य त्याहून बारीक विणीचं आहे. भावांनी विकलेला योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा अधिकारी होतो, दुष्काळात तेच भाऊ त्याच्या पाया पडतात, आणि तो म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, देवानं तेच चांगल्यासाठी योजलं. उत्पत्तीचा पन्नासावा अध्याय. हिब्रूत दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे, मराठीतही ‘योजणे’ दोनदा येतं, आणि त्या हिब्रू धातूपासूनच नक्षीदार वस्त्र विणणाऱ्या कारागिराचं नाव झालं आहे. भावांचं पाप पापच राहतं. योसेफ त्यांना ‘तुम्ही काही केलंच नाही’ असं म्हणत नाही. असंच रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वाक्य : सर्व गोष्टी ‘मिळून’ कल्याणकारक होतात. तो ‘मिळून’ सांत्वनाच्या भाषणात बहुतेक वेळा गळतो आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं, नवरा गेला हीच कल्याणाची गोष्ट. तसं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

सहकारी बाईंना पत्र लिहायचं असेल तर एवढं करा. ‘देवाची योजनाच होती’ किंवा ‘देव तुमची परीक्षा पाहतोय’ हे तुम्ही लिहू नका. ही वाक्यं ज्याची त्यानं पुढे कधीतरी स्वतःच्या साक्षीत, म्हणजे आपला अनुभव सांगताना, सांगायची असतात. ती दुसऱ्यानं बाहेरून सांगितली की त्यांचा अर्थच फिरतो. ईयोबाचे मित्रही सात दिवस नुसते जवळ बसून होते तोवर ठीक होते, तोंड उघडल्यावर चुकले. मराठी ख्रिस्ती घरांतली नेहमीची शब्दयोजना चालेल : ‘प्रभू तुमचं सांत्वन करो’, ‘प्रभू तुम्हांला धीर देवो’. दोन्हीकडे तेच ‘ओ’चं रूप आहे. गेलेल्या यजमानांच्या नावाआधी ‘कै.’ लिहू नका. कैलासवासी हा शब्द दुसऱ्या श्रद्धेतला आहे, ख्रिस्ती घरांत ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ किंवा ‘प्रभूघरी गेले’ असं लिहितात.