६९ चं शिखर दिसलं की लगेच खूश होऊ नकोस

पीएमएमएवर (अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक, म्हणजे मोनोमर नावाच्या छोट्या रेणूंची लांब साखळी) १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर (अतिनील स्पंद देणारा) मारलास आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे उडालेल्या कणांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, ६९ वस्तुमानाचं शिखर आलं, तर ‘साखळी तुटली’ असं वहीत लिहायची घाई नको. आधी आयनायझर (उडालेल्या रेणूंवर इलेक्ट्रॉन मारून त्यांचे आयन करणारा यंत्राचा भाग) बंद ठेवून मोज. तेव्हा दिसतात ते लेसरमुळेच तयार झालेले आयन. त्यात २३ आणि ३९ असले तर बहुधा पृष्ठभागावरचं सोडियम-पोटॅशियम.

आयनायझर चालू केलास, की ७० इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन १०० वस्तुमानाच्या अख्ख्या मोनोमरचेही ६९ आणि ४१ असे तुकडे पाडतात. मग तो तुकडा लेसरने नमुन्यावरच पाडला की इलेक्ट्रॉनांनी आयनायझरमध्ये, कसं सांगणार? इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी करून बघ. टेफ्लॉन आधी वापरला असशील तर आणखी घोळ: त्याचा मोनोमरही १००, आणि सीएफ३ आयनही ६९! नमुना बदलताना मी चेंबर पुसतेच. आणि लेसरची ऊर्जा, नमुन्यातून पदार्थ उडू लागतो त्या उंबरठ्याच्या खालून हळूहळू वाढव.