मुलाला घेऊन दुसऱ्या गावी जाताय? आधी एवढं करा

ताई, तुम्ही आणि मुलाचे बाबा वेगळे राहता आणि आता तुम्हाला दुसऱ्या गावी नवी नोकरी मिळाली, छान झालं. पण नव्या घराचं डिपॉझिट भरण्याआधी त्यांच्याशी बोला. 'कोर्टाचा आदेश नाही, म्हणजे मला मोकळीक' हा समज सगळ्यात महागात पडतो. आदेश नसला तरी बहुतेक वेळा मुलावरचा हक्क दोघांचाही असतो.

तोंडी ठरलेलं लेखी आणा. साधा ईमेलही चालेल, पण त्यांचं स्पष्ट 'हो' हवं. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. त्यात एवढं असू द्या:

- सुट्ट्या कोणाकडे, किती दिवस
- ने-आण कोण करणार, तिकिटाचे पैसे कोणाचे
- फोनची ठरलेली वेळ

'अधूनमधून भेटू' असं मोघम नको. 'एकाआड एक शनिवारी सकाळी 10 वाजता बाबा घ्यायला येतील' असं लिहा. भांडणं मोघम शब्दांवरूनच होतात.

देश बदलणार असाल तर वकिलाला भेटल्याशिवाय हलूच नका. 1980 चा हेग करार हा एका पालकाने परदेशी नेलेल्या मुलांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यातल्या देशांमध्ये, हक्क असलेल्या दुसऱ्या पालकाच्या संमतीविना नेलेलं 16 वर्षांखालचं मूल परत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो.

मुलाच्या हाती निरोप मात्र पाठवू नका. बातमी शक्यतो दोघांनी मिळून सांगा. 'बाबा कधी भेटणार?' असं तो लगेच विचारेल, तेव्हा नक्की वार सांगता आला पाहिजे.