अंतरा घेतल्यावर पाळी बंद झाली, मग रक्त आत साठतं का?

अंतराचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालू केलेल्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या डोसला येतात तेव्हा बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो. पाळीच येईना मॅडम, मग ते रक्त जातं कुठं? कुणाला गल्लीतल्या काकूंनी सांगितलेलं असतं की डोक्यात चढतं, कुणाला पोटात गोळा होईल म्हणून भीती, आणि एखादीला तर कुणीतरी थेट गर्भपिशवी काढायचा सल्ला दिलेला असतो, हे ऐकलं की मला धडकीच भरते, कारण बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना कशा काढल्या गेल्या ते 2019 मधे सगळ्यांनी वाचलंय.

तर आधी उत्तर. रक्त साठत नाही. या इंजेक्शनने स्त्रीबीज बाहेर पडायचं थांबतं आणि पिशवीचं आतलं अस्तर पातळच राहतं, पाळी म्हणजे ते जाड झालेलं अस्तर गळणं, आता दूधच तापवलं नाही तर साय कुठून धरणार. सुरुवातीचे काही महिने कधीही डाग लागतात, मधेच दहा दिवस लागतात, मग हळूहळू बंद होते, वर्षभर घेतलं की साधारण निम्म्या जणींची बंद झालेली असते. इंजेक्शन सोडलं की परत येते. फक्त लगेच नाही, शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला 7 ते 10 महिने लागू शकतात, त्यामुळे लवकरच दुसरं मूल हवंय तिला मी अंतरा सुचवत नाही.

हे सगळं मी तिसऱ्या डोसला आलेल्या सुमनला पण सांगितलं (नाव बदललंय, बाकीही थोडं बदललंय). तिने शांतपणे ऐकलं, मान हलवली, आणि तरी म्हणाली, मला पाळी येणारं काहीतरी द्या. दीड वर्षाची मुलगी, नवरा पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी येणार, दोघांनी मिळून ठरवलेलं की तीन वर्षं पाळणा लांबवायचा. दिवस राहिलेत का ते घरी निश्चय किटने तपासलेलं, निगेटिव्ह. मग अडचण काय?

विचारलं, घरात कोण काय म्हणतंय? तेव्हा बाहेर आलं. घरात अजून चार दिवस बाजूला बसायची पद्धत आहे. कावळा शिवला की चूल बंद, देवघर बंद. आणि ही दोन महिने बाजूला बसलीच नाही म्हटल्यावर सासूबाईंनी आपलं गणित मांडलं, "गोड बातमी हाय वाटतं, औंदा नातूच," असं म्हणून त्या शेजारणीपर्यंत पोचल्या सुद्धा. इंजेक्शनचं सासूला माहीत नव्हतं. कार्ड पण आशाताईंकडेच ठेवलेलं.

म्हणजे तिला रक्ताची भीती नव्हतीच मुळी.

मग पर्याय काढून बसलो. छाया गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, पण तिनेही पाळी पुढे जाते आणि पाकीट घरात लपवायचं कुठं. माला-एन ही रोजची गोळी, तेच लपवायचं टेन्शन. तांबीने (कॉपर-टीने) पाळी येते, पण सुरुवातीला रक्तस्राव वाढतो आणि हिचं हिमोग्लोबिन 9 च्या आसपास, बसवता येते तरीही, सोबत लोहाच्या गोळ्या घ्यायच्या. शिवाय काहीही बदललं तरी अंतराचा असर उतरायला वेळ लागणार, पुढच्याच महिन्यात पाळी येईल असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. खरं सांगायचं तर रक्त कमी असलेल्या बाईला पाळी बंद राहणं उलट फायद्याचंच, पण ते मी रेटून बोलले नाही.

ती बराच वेळ बोटं मोजत बसली आणि मग एकदम हसायला लागली. "मॅडम, म्या बसत जाईन की चार दिस बाजूला. कोण बघायला येतंय आत? तेवढीच भाकऱ्यांतून सुट्टी." मी बघतच राहिले. नवऱ्याशी फोनवर बोलली, तोही हसला म्हणे. तिसरा डोस घेऊन गेली.

जाताना तारखेचं पक्कं केलं, कारण हिला घरातून निघणं अवघड. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेतलं तरी चालतं, चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी चालतं, त्याच्या पुढे गेलं तर आधी तपासणी आणि तोवर निरोध. इंजेक्शनची जागा चोळायची नाही. खूप जास्त रक्त गेलं, डोकं असह्य दुखलं तर तारखेची वाट न बघता यायचं.

आमच्या एका सिस्टरना हे अजिबात पटलं नाही. त्यांचं म्हणणं, आपणच खोटं बोलायला शिकवतो, सासूला बोलवून नीट समजावायला हवं होतं, आणि ती बाजूला बसायची प्रथा तर आधी मोडायला हवी. प्रथेबद्दल मला मान्य आहे. पण त्या घरात राहायचंय सुमनला, मला नाही. सासूबाईंना बोलावू का असं मी तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली, विषय संपला.