मुलीला सरकारी हायस्कूलात घालताय ना, मग हे बघा

वहिनी, बदली होऊन महूला आलात आणि मुलीला सरकारी शाळेत नववीला घालताय, तर उगाच टेन्शन घेऊ नका, माझी दोन्ही पोरं इंदूरजवळच्या अशाच शाळेतून शिकली. आधी समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख नंबर, काढा, कुटुंबाचा 8 आकडी नंबर वेगळा आणि प्रत्येकाचा 9 आकडी वेगळा, त्याशिवाय मध्य प्रदेशात स्कॉलरशिप वगैरे काही पुढे सरकत नाही. आमच्याकडे आधारवर श्रीपाद आणि समग्रवर श्रीपद, एका कान्यासाठी तीन चकरा मारल्या हो! स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचून घ्या. मग एनसीसी आहे का विचारा, ते आठवी-नववीतच घेतात, दोन वर्षांनी ए सर्टिफिकेट, दहावीत आठवण येऊन उपयोग नाही. व्होकेशनल ट्रेड, म्हणजे कामधंद्याचं शिक्षण देणारा विषय, सगळ्याच शाळांत नसतो, असला तर लॅबमधे जाऊन कॉम्प्युटर चालू होतो का बघा, नुसत्या बाहेरच्या पाटीवर जाऊ नका. बारावीला 75 टक्के आले की लॅपटॉपसाठी 25000 मिळतात पण ते लांबचं झालं. मराठीचं मात्र घरीच बघा, आठवडाभरात पोरगी तुम्हाला इंदुरी हिंदीत "क्या भिया" म्हणायला लागेल.