पाच फूट उंचीच्या मुलीने बास्केटबॉल खेळावं का?

तुम्ही विचारलंय, मुलगी आठवीत आहे, उंची पाच फूट, सर संघात घेत नाहीत, उंची एवढी महत्त्वाची असते का?

उंचीचं नंतर बघू. आधी सांगा, तिच्या शाळेत मुली सहा नंबरच्या बॉलने सराव करतात की सातच्या?

मी बावीस वर्षं शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवला. महिलांसाठी सहाचा बॉल फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, २००४ मध्ये आणला, तोवर मुलीही सातच्याच बॉलने खेळायच्या. घेरात फरक जेमतेम तीन सेंटीमीटरचा, वजनही थोडंच कमी. पण तेरा वर्षांच्या मुलीचा पंजा केवढा असतो? सातचा बॉल आमच्या मुली दोन्ही हातांनी छातीपासून ढकलायच्या. मग बास्केट व्हायचे ते रिंगखाली उभ्या असलेल्या उंच मुलींचेच. 'उंच मुली आणा' हा हट्ट तिथला आहे.

मी सहाचे बॉल मागितले तेव्हा आमचे वरिष्ठ क्रीडाशिक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलींना वेगळा बॉल कशाला? जड बॉलने हात तयार होतात." स्पर्धेत सहाचा, सरावाला सातचा! मुलींचे शॉट रिंगच्या पलीकडे जायचे. शेवटी पगारातून दोन बॉल घेतले. अख्ख्या संघात दोन.

तेव्हा नववीत एक मुलगी होती, पाच फुटांहूनही कमी. रोज शाळा भरायच्या आधी सिमेंटच्या कोर्टवर येऊन ती एका हाताने शॉट मारायला शिकली. जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्यांनी झोन लावला, म्हणजे रिंगभोवतीची जागा अडवून धरली; रिंगखाली खेळणाऱ्या आमच्या उंच सेंटरला दोघी चिकटल्या. तेच वरिष्ठ सर बाकावरून ओरडतायत, "आत दे, आत दे!" तिने दिला नाही. फ्री थ्रोच्या रेषेजवळून स्वतः मारला. गेला. दुसराही गेला. तिसरा चुकला आणि आम्ही एका गुणाने हरलो. सरांनी खापर तिच्यावर फोडलं. दहावीला तिने खेळ सोडला. मला ते अजून पचलेलं नाही.

खेळही आता वेगवान झालाय. शॉटसाठी ३० सेकंद मिळायचे, २००० पासून २४ झाले. बॉल झटपट समोरच्या बास्केटकडे नेणारी खेळाडू, म्हणजे गार्ड, लागतेच, आणि ती बुटकी असली तरी चालते.

राज्य पातळीच्या पुढे उंची लागते, हे मान्य. सगळ्याच बुटक्या मुली गार्ड होतात असंही नाही, ड्रिबलिंग, म्हणजे टप्पे देत बॉल पुढे नेणं, पक्कं हवं.

सरांना भेटायला जाल तेव्हा बॉलवरचा आकडा बघा. सात असेल तर सहाचा बॉल घेऊनच द्या. कुणी "वेगळा कशाला" म्हणालं, तर नियमांचं पुस्तक समोर ठेवा. माझ्याकडे त्या दिवशी ते नव्हतं.